मंडपातली कॅसेट

स्पीकरवाल्याकडे मंडपात कुणाचं लक्ष नसतं. आवाज बसला किंवा माईकनं शिट्टी मारली, की मात्र सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळतात. हा धंदा मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चुलत्यांच्या हाताखाली शिकलो. आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, माईक, तारांची भेंडोळी आणि वीज गेलीच तर बारा व्होल्टची बॅटरी, एवढं सामान टेम्पोत टाकून पारनेर तालुक्यातली गावं करायची. राळेगणसिद्धी, पिंपळनेर, वाडेगव्हाण, जवळा, निघोज. लग्नसराईत चार पैसे सुटायचे, पण आमच्या भागातल्या स्पीकरवाल्याचं वर्ष निभतं ते अखंड हरिनाम सप्ताहांवर. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, ऊन कललं की प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, तेव्हा रात्री नऊ ते अकरा कीर्तन असे आणि त्यानंतर जागर. आठवडाभर ना ॲम्प्लिफायर गार व्हायचा, ना स्पीकरवाल्याला झोप मिळायची.

कॅसेट भरून देण्याचं काम त्यातूनच मागं लागलं. एखादं कीर्तन रंगणार अशी बोलवा असली, की लोक संध्याकाळपासून कोऱ्या कॅसेटी घेऊन माझ्या टेबलाभोवती घुटमळायचे. फिलिप्सनं ही कॅसेट १९६३ साली काढली. आमच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत ती पोचायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं, आणि गुलशनकुमारांच्या टी-सिरीजनं ती स्वस्त केल्यावर तर दूध घालायला आलेल्या माणसाच्या खिशातही एखादी सापडायची. मग दुधाच्या सेंटरवर, देवळाच्या पारावर, एसटीच्या थांब्यावर देवघेव चालायची. तुझं काल्याचं दे, माझी बीज घे. कुणाकडं कुठल्या गावचं, कुठल्या सालचं कीर्तन आहे, याची यादी लोकांच्या तोंडपाठ असे. पैशांचा व्यवहार त्यात नव्हता. कॅसेट परत करताना ती उलटी गुंडाळून, पहिल्यापासून लागेल अशी द्यायची, एवढा एकच रिवाज.

राळेगणचे ऐकणारे जरा जास्तच चिकित्सक होते, आणि त्याला कारणही होतं. अण्णा हजारे लष्करातून १९७५ साली गावी परतले आणि स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे घालून त्यांनी यादवबाबांचं मोडकळीला आलेलं मंदिर उभं केलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुढं गावाच्या सभा त्या मंदिरात भरू लागल्या, दारू बंद झाली, बिडी-सिगारेट दुकानातून हलली. त्या शिस्तीच्या फेऱ्यात लाऊडस्पीकरही आला. लग्नात सिनेमाची गाणी लावायची नाहीत, भक्तिगीतंच लावायची. अभ्यासकांनी नंतर याच्यावर लिहिलंही. मला विचाराल तर हा दंडक तेव्हा जाचक वाटायचा आणि आजही पुरता पटतो असं नाही. वरातीत काय वाजावं हे नवरदेवाच्या भावांनी ठरवावं. पण त्याचा एक परिणाम मी डोळ्यांदेखत पाहिला. हळदीपासून पाठवणीपर्यंत गावाच्या कानावर फक्त अभंग पडायचे, म्हणून राळेगणची कॅसेटींची पेटी मी वेगळी भरायचो, आणि ती सारखी ऐकून ऐकून तिथल्या लोकांना एकाच अभंगाच्या चार चाली ओळखता येऊ लागल्या.

त्या पेटीत दोन थोर गळे होते आणि त्यांचे दोन तट. एक भीमसेन जोशींचा. त्यांच्या अभंगांतल्या कित्येक चाली राम फाटकांच्या. फाटक आकाशवाणी पुणे केंद्रावर होते, तिथल्या ‘स्वरचित्र’ या कार्यक्रमासाठी त्यांनी चाली बांधल्या, भीमसेनांकडून गाऊन घेतल्या, आणि त्यातूनच पुढं ‘अभंगवाणी’चे कार्यक्रम उभे राहिले. दुसरा गळा प्रल्हाद शिंदेंचा. मूळचा कव्वालीत तापलेला, पहिल्या ओळीलाच वरच्या सुरात घुसणारा. लग्नात जेवणावळी चालू असताना भीमसेन आणि मिरवणूक निघताना प्रल्हाद शिंदे, असा मी माझ्यापुरता तह केला होता. तरी एखादे तात्या पंगतीतून उठून यायचेच. “गाणं झकास हाय रं, पर टाळ कुठाय?” भीमसेनांच्या गाण्यात टाळ होते, पण त्यांना हवी होती ती टाळकऱ्यांची अख्खी रांग. तात्यांच्या त्या तक्रारीचा अर्थ मला पुढं कीर्तनं भरताना कळला.

कीर्तन भरायच्या दोन रीती आहेत. ॲम्प्लिफायरच्या मागं एक खाच असते, तिथून वायर थेट टेपरेकॉर्डरला जोडली की महाराजांच्या माईकमधलं जेवढं आहे तेवढं स्वच्छ उतरतं. याला आम्ही लाइनीची कॅसेट म्हणतो. दुसरी रीत म्हणजे टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन माणसांत बसायचं आणि त्याच्या पोटातल्या माईकला जे ऐकू येईल ते भरू द्यायचं. ही मंडपातली कॅसेट. धंदेवाल्याला लाइनीचा अभिमान. खरखर नाही, कर्ण्याचा घुमारा नाही, शब्द न् शब्द कळतो. अशी एक कॅसेट मी राळेगणच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोठ्या तोऱ्यात दिली. दोन दिवसांनी ती त्यांनी टेबलावर आणून ठेवली.

“पोरा, यात महाराज येकटंच बोलत्यात. आम्ही कुठं गेलो?”

मग त्यांनी आपली कॅसेट ऐकवली. त्याच रात्रीची, टू-इन-वनवर भरलेली. कानाला ती धड नव्हती. गजराला टाळ फाटत होते, पखवाजाची धुमी नुसती गुरगुरत होती, निरूपणातली निम्मी वाक्यं बुडालेली. पण महाराज एका दृष्टांताच्या टोकाला येऊन थांबले, आणि त्या थांबण्यात अख्खा मंडप ऐकू आला. कुणाचा तरी खोकला, लांबवर रडणारं पोर, बायकांच्या बाजूनं आलेला एक हुंकार. नंतर महाराजांनी पुढचा शब्द टाकला आणि पाचशे माणसं एकदम हसली. माझ्या कॅसेटमध्ये त्या जागी नुसती शांतता होती. महाराज आपणच थांबले आणि आपणच पुढं बोलू लागले.

या गमतीमागं यंत्राचं एक साधं कारण आहे. स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरांमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. मोठा आवाज आला की यंत्र कान मिटतं आणि शांत झालं की हळूहळू कान टवकारतं. म्हणून टाळांचा कडकडाट झाल्यावर पुढचे दोन-चार शब्द दबतात, आणि वक्ता थांबला की आजूबाजूचं बारीकसारीक सगळं वर येतं. ध्वनिमुद्रणाच्या हिशेबात हा दोष. मी त्यावर कुरकुर करायचो. पण त्या दोषामुळंच ऐकणारे लोक कॅसेटमध्ये शिरत होते, आणि लोकांना नेमकं तेच हवं होतं.

सगळ्यांना हवं होतं असं मात्र नाही. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. तिथं शिकणारी आमच्या भागातली पोरं सुटीत गावी आली की लाइनीची कॅसेट मागायची. त्यांना प्रमाणं टिपायची असत, कुठल्या चरणावर महाराज कुठली ओवी घेतात ते वहीत उतरवायचं असे. त्यांना खोकला नको होता. त्यांचंही बरोबरच. पिंपळनेरसारख्या गावात तर शब्द चुकवून चालतच नाही. तुकोबांची परंपरा पुढं नेणाऱ्या निळोबारायांचं ते गाव. तिथं मागच्या ओळीत बसलेली आजीसुद्धा अभंगाचा चरण इकडचा तिकडं झाला तर मान हलवते. मग मी दोन टेपरेकॉर्डर ठेवू लागलो. एक लाइनीवर. दुसऱ्यासाठी वेगळा माईक टाळकऱ्यांच्या मागं, मंडपाच्या वाशाला, तोंड माणसांकडं करून टांगायचा. हा माईक ॲम्प्लिफायरला जोडायचा नाही, थेट टेपला. म्हणजे शिट्टीची भीती नाही. टाळांच्या फार जवळ टांगला तर दुसरं काही ऐकूच येत नाही, आणि कर्ण्याच्या तोंडापुढं टांगला तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. बायका बसतात त्या बाजूला जरासा कलता ठेवायचा, कारण दाद आधी तिकडून येते. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, कॅसेटी परत करणाऱ्यांनी सांगितलं.

कॅसेट पालटण्याची एक विद्याच होती. कीर्तन दोन तासांचं, साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. नव्वदची घेतली तर पट्टी पातळ, उन्हाळ्यात गुंतायची. पेन्सिल घालून फिरवत बसावं लागे. एकशेवीसची कॅसेटही मिळायची, पण तिच्या वाटेला मी कधी गेलो नाही. म्हणजे कीर्तनात किमान दोन-तीनदा तरी बटण दाबून कॅसेट काढा, उलटा, घाला, परत दाबा. कितीही चपळाई केली तरी दहा-बारा सेकंदं जायचीच, शिवाय कॅसेटच्या तोंडाशी काही सेकंदं पट्टीवर काही भरतच नाही. त्यामुळं बाजू संपत आली की महाराज चाल कधी घेतात याच्याकडं डोळे लावून बसायचं आणि गजर उचलला की पालटायची. नाम पुन्हा पुन्हा येतं, खाच कळत नाही. पण मुरलेल्या रसिकाला कळायचीच. देवघेवीला खरा रंग चढे तो या खाचांमुळं. माझी कॅसेट एका ठिकाणी तुटलेली, टू-इन-वनवाल्याची दुसऱ्याच ठिकाणी; मग दोघं शेजारी बसून कीर्तन सलग करायचे, एकाची संपली की दुसऱ्याची लावायची. त्यात एखादा तिसरा म्हणायचा, माझ्याकडची तर त्याच्या अलीकडं पालटलीय, थांबा, घेऊन येतो. ती आणायला तो सायकलवर वाडेगव्हाणला जाऊन यायचा.

वाद चालायचे ते वेगळेच. भारनियमनाच्या काळात सगळं बॅटरीवर. बॅटरी उतरली की भरताना पट्टी सावकाश सरकते. तीच कॅसेट मग भरल्या सेलांवर वाजवली की आवाज चढा लागतो. निघोजकडच्या एका कीर्तनाची अशी कॅसेट पार राळेगणपर्यंत फिरली आणि महाराज त्या रात्री काळी चारमध्ये गायले, एवढ्या वर पुन्हा कधी गेले नाहीत, अशी त्याची ख्याती झाली. प्रत्यक्षात पेटीचा सूर पांढरी पाच होता. पेटीवाला माझ्या शेजारीच बसलेला. मी सांगून पाहिलं. एका पखवाजवाल्यानंही सांगितलं की बघा, लयसुद्धा पळतेय आणि महाराज बोलतायत ते पण घाईघाईनं. कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ते कीर्तन समोर बसून ऐकलं होतं तेही म्हणाले, हो, असाच लागला होता त्या रात्री आवाज. मला वाटतं त्यांना तो खरंच तसा लागला असेल.

पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा कॅसेटी जमवायच्या नादातला. त्यानं मला एकदा अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड नावाच्या बँडबद्दल सांगितलं. त्यांचे चाहते गावोगावच्या कार्यक्रमांना स्वतःचे माईक घेऊन जायचे, भरलेल्या कॅसेटी एकमेकांना टपालानं पाठवायचे, पैसे घ्यायचे नाहीत. शेवटी १९८४ साली बँडनंच त्यांच्यासाठी मिक्सरच्या मागं वेगळी जागा राखून ठेवली. १९७७ च्या मे महिन्यातला कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा कार्यक्रम तर चाहत्यांत अजून गाजतोय. आणि त्या लोकांचाही वाद हाच: मिक्सरमधून घेतलेलं बरं, की प्रेक्षकांत बसून भरलेलं? ऐकून मला मोठी मौज वाटली. निघोजच्या बॅटरीची गोष्ट तिथं सांगितली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं.

भाच्यामुळंच सुरेश अलूरकरांच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी माझ्या हाती आल्या, कुमार गंधर्वांच्या, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या. मैफल ऐकायची सवय मला त्या कॅसेटींनी लावली. मुंबईतल्या जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची १९९० साली निघालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्थाही त्याच्याकडूनच कळली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गायजबर्ग कलकत्त्याला आला तेव्हापासूनच्या तबकड्या ही माणसं जपतात. माझ्यासारख्याला त्यांचा हेवा वाटतो. पण तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एवढ्यात गवयाला राग मांडून मोकळं व्हायचं असे. कीर्तनात तेवढ्या वेळात महाराज उपरणं सारखं करतात आणि टाळकरी टाळ जुळवतात. तरी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची एक प्रथा मला फार आवडते: भीमसेनांनी १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाचा, दिवस-दिवस समोरासमोरची गाणी झाल्यावर, शेवट होतो सवाई गंधर्वांच्या तबकडीनं. गायक समोर नाही, आणि हजारो माणसं जागची उठत नाहीत.

त्या महोत्सवाच्या रात्री गेल्या आणि आमच्याही गेल्या, दोन्ही एकाच नियमानं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक केले; रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. ठरावीक थोड्या दिवसांना बारापर्यंत सूट मिळू शकते, पण गावोगावच्या सप्ताहांना ती कुठून पुरणार? नऊचं कीर्तन सातवर आलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. काकड्याला कर्णा गावाकडं तोंड करून लावणारे मीच पाहिलेत, आजारी माणसाच्या घरावर. पण सातच्या कीर्तनाला बायका येतात त्या चुलीवरचं अर्धं टाकून, आणि पुरुष धारा काढून धावतपळत. मंडप भरायला आठ वाजतात. माझ्या जुन्या कॅसेटींत पहिल्या चालीलाच जो भरलेला आवाज आहे तो आता कीर्तन अर्धं झाल्यावर येतो.

२०११ साली अण्णांच्या आंदोलनामुळं राळेगणला चॅनेलवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली तेव्हा तिथं स्पीकर लावणाऱ्यांत मीही होतो. प्रत्येकाला मिक्सरमधून लाइन हवी. एका आउटपुटला वायरींचा एवढा गुंता मी आयुष्यात पाहिला नव्हता. मंडपातल्या माईकचा आवाज देऊ का, म्हणून मी एका पोराला विचारलं, तर म्हणाला, नको काका, फक्त अण्णा पाहिजेत. बातमीला तेच लागत असणार.

आता कीर्तनालाही कॅमेरेवाले असतात आणि तेही लाइनच मागतात. दुसऱ्या दिवशी कीर्तन मोबाईलवर. आवाज माझ्या कुठल्याही कॅसेटपेक्षा स्वच्छ, खाच नाही, दोन तास सलग. काही महाराज आधीच सांगतात, मोबाईल खिशात ठेवा, मीठ-मिरची लावून तुकडे फिरवता तुम्ही. त्यांचं म्हणणं मला पटतं. शिवाय हल्लीच्या काही मोबाईलमध्ये आवाज साफ करायची युक्ती असते, ती सतत वाजणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबते. टाळ हा तिच्या लेखी गोंगाट. गजराला महाराजांचं तोंड हलताना दिसतं, शंभर टाळकरी नाचताना दिसतात, आणि आवाज येतो दूरच्या पावसासारखा सपाट.

मी मिक्सरमधून आता दोन वाहिन्या देतो. डावीत महाराज, उजवीत वाशाला टांगलेला मंडप. कॅमेऱ्याच्या पोरांना सांगतो, हवी तेवढी उजवी मिसळा. बहुतेक जण ती शून्यावर ठेवतात. परवा सप्ताहात मात्र त्यातल्या एकानं कानाला हेडफोन लावून बराच वेळ नुसती उजवी ऐकली आणि मला विचारलं, “काका, हा मधेच ‘माउली’ म्हणून ओरडतो तो कोण?” मी म्हटलं, तिसऱ्या खांबापाशी बसतात ते; त्यांच्याकडं नव्वदपासूनच्या कॅसेटी आहेत, पण वाजवायला यंत्र नाही. कीर्तन सुटल्यावर पोरगं त्यांना शोधत गेलं.